शनिवारचा कायदा आणि शेवंताकाकीची वाट

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात. फायली आणि किस्से. फायली निदान कधीतरी निकाली निघतात, कपाटात जातात, वाळवीला तरी लागतात. किश्शांना ती पण सोय नाही! कोणी चहाला बसलं म्हणून एक सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. अशील बाहेर ताटकळतंय आणि आम्ही आत पोट धरून हसतोय, अशी गत. परवा माझा नवरा म्हणाला, "तुम्ही तिथे वकिली करता की तमाशा?" म्हटलं, "फी वकिलीची घेतो, बाकी तूच ठरव."

तर आमचं ऑफिस रत्नागिरीत, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर. माणसं तीन. नाना, म्हणजे आमचे सिनिअर. पांढराशुभ्र शर्ट, कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "ऐका नीट!" दुसरे मुनीरभाई, आमचे क्लार्क. खाडीकाठचे, बोलायला गोड आणि खायला पक्के. तिसरी मी. नानांच्या हाताखाली वकिली शिकले, आणि त्यांच्यापुढे हसू दाबायला अजून शिकतेय.

नानांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा भयंकर कंटाळा. एके दिवशी "सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नसतं" हे सकाळपासून येईल त्या अशिलाला सांगून सांगून त्यांचा आवाजच बसला. संध्याकाळी टेबलावर हात आपटून म्हणाले, "घसा माझा आहे, सरकारी नाही! सगळ्यांना एकदम बोलवा. दर शनिवारी दुपारी, रोजच्या कामाचा कायदा, सोप्या भाषेत, फुकट!"

मुनीरभाई म्हणाले, "फुकट म्हटलं तर कोण येणार नाही नाना. भजी ठेवा."

दिवाळीनंतरच्या शनिवारी भजी ठेवली. बसायला जागा उरली नाही!

*

पहिल्या शनिवारचा विषय, मृत्युपत्र.

नाना रंगात आले होते. "ऐका नीट! मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे, त्यालाच साक्षीदार करू नका. उद्या तोच म्हणतो मला दिलं आणि तोच म्हणतो मी पाहिलं, असा घोळ होतो. आणखी एक. मृत्युपत्र जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि आमचे जुने अशील गजाभाऊ, त्यांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच शंका आली.

नाताळच्या सुट्टीत त्यांची मुलं-सुना मुंबईहून आली. पुढच्या शनिवारी गजाभाऊ आले ते फुललेल्या चेहऱ्याने. "नाना, काय कायदा आहे हो! अजून काही लिहिलंसुद्धा नाही. नुसतं जेवताना म्हणालो, 'मृत्युपत्र करावं म्हणतो.' दुसऱ्या दिवसापासून ताटात रोज सुरमई! थोरला पाय चेपतो, धाकटी सून विचारते, बाबा, चहात आलं घालू?"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. मागे बसलेल्या त्यांच्या मिसेस सावकाश उभ्या राहिल्या.

"नाना, एक विचारायचं होतं. घर माझ्या वडिलांनी मला दिलेलं. आंब्याची कलमं माझ्या नावावर. ह्यांच्या नावावर एक स्कूटर आहे, ती पण बंद. मग हे मृत्युपत्र कसलं करणार?"

नानांनी गजाभाऊंकडे बघितलं. गजाभाऊंनी भज्यांकडे.

"आणि ती सुरमई," मिसेस म्हणाल्या, "रोज मी तळत होते!"

हसून हसून सगळे बेजार. त्यात मधल्या बाकावरून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "मेल्यावरचं झालं तुमचं सांगून? आता माझ्या जितेपणीच्या वाटेचं काय ता सांगा!"

ही शेवंताकाकी. विषय कुठलाही असो, शेवटचा प्रश्न तिचा. आणि प्रश्न एकच, वाटेचा.

*

तर ती वाट काय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

पूर्णगडच्या रस्त्याला आत एक वाडी आहे. तिथे काकीचं घर मागे आणि तिचा चुलतदीर अनंता, त्याचं घर पुढे. काकीला रस्त्यावर यायचं तर अनंताच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून यायचं. ती नवरी होऊन आली ती त्याच वाटेने. पण गेल्या मे महिन्यात अनंताने फणसाचा रस ताटांवर पसरून साठं वाळत घातली होती, आणि काकीच्या कोंबड्या त्यावरून फिरून आल्या. अनंता ओरडला. काकीने माफी मागायची की नाही? ती म्हणाली, "ओरडता कशाला? एक चोच मारून सोडून दिलीत त्यांनी. आंबटच आहेत तुमची साठं!"

झालं! कोंबड्यांचं अनंताने मनावर घेतलं नसतं. पण साठं आंबट? सगळ्या वाडीदेखत? दुसऱ्या दिवशी त्याने दोन घरांच्या मध्ये दगडांचा गडगा रचला आणि वाट बंद केली.

आता काकीला खाली पऱ्यात उतरून, पाण्यातून जाऊन, पलीकडची घाटी चढून रस्ता गाठावा लागे. गुडघे कुरकुरणारे. गॅसचा सिलिंडर येईना. पण ती त्याबद्दल कधी रडली नाही. तिचं दुःख वेगळंच होतं.

"शिमग्यात देवाची पालखी घरोघरी येते. माझ्या दारात लग्न झाल्यापासून दरवर्षी आली. गडग्यावरून पालखी येत न्हाय, आणि पऱ्यातून कोण आणणार? सगळ्या वाडीत माझं एकटीचं दार देवाशिवाय राहील, नाना. शिमग्याच्या आत वाट मोकळी होईल ना?"

नानांनी वेळेत तहसीलदारांकडे अर्ज घातला होता. ते म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत."

काकी म्हणाली, "देवाला असं सांगू?"

नाना एरवी कोणाला ऐकत नाहीत. त्या दिवशी तिची फाइल पुन्हा उघडून बसले.

*

आणि गंमत पुढेच! एका शनिवारी बघते तर दाराशी अनंता बसलेला. हातात भज्यांची बशी.

मी म्हटलं, "अहो, तुमचा वकील दुसरा आहे ना? तुम्ही समोरच्या पार्टीचे!"

"तो भजी देत न्हाय," अनंता म्हणाला. "आणि मी ऐकायला आलोय, बोलायला न्हाय."

हाकलणार कसं? शनिवार सगळ्यांना खुला. आणि मग मुनीरभाईंनी बातमी आणली की हे दोघं येतात एकाच रिक्षातून! वाडीत रिक्षाच एक. काकी घाटी चढून धापा टाकत रस्त्यावर येते तोवर अनंता रिक्षा थांबवून ठेवतो. पण बोलणं बंद! मधे तो बिचारा रिक्षावाला.

"त्यांना विचार, चष्मा घेतला का."

"त्यांना सांग, घेतला."

"त्यांना सांग, मागच्या तारखेला विसरल्या होत्या आणि साहेब चिडले होते."

"त्यांना सांग, तेव्हा साहेब त्यांच्यावर चिडले होते, माझ्यावर न्हाय!"

रिक्षावाला मला म्हणाला, "मॅडम, भाडं दोघांचं घेतो, पण वकिलीचं कोण देणार?"

*

एका शनिवारी गणपतीपुळ्याकडचे एक होमस्टेवाले आले. चेहरा लाल, हातात मोबाईल. "नाना, बदनामीचा दावा लावायचाय! पुण्याच्या गेस्टने रिव्ह्यू टाकलाय. एकच स्टार!"

"काय लिहिलंय?"

"'खोली स्वच्छ, जेवण उत्तम, पण समुद्राचा आवाज फार येतो.'"

नाना डोळे मिटून म्हणाले, "ऐका नीट. आवाज येतो की नाही?"

"येतो की! त्याचेच तर पैसे घेतो!"

"मग माणूस खरं बोललाय. खरं आणि चांगल्या हेतूने बोललेलं बदनामी ठरत नाही. दावा नाही, काही नाही. खाली सभ्य भाषेत उत्तर लिहा आणि विसरा."

"काय लिहू?"

नानांना राहवलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला. होमस्टेवाल्यांनी तो जसाच्या तसा टाकला: 'आपली तक्रार मिळाली. सदर समुद्र आमच्या हिश्शात नाही. तरी त्यास नोटीस दिली आहे. उत्तर आल्यावर कळवू.'

त्या उत्तरावर बुकिंगं आली हो! पुढच्या शनिवारी गृहस्थ पेढे घेऊन हजर. शेवंताकाकीने पेढा खाल्ला आणि विचारलं, "समुद्राला नोटीस जाते, मग माझ्या गडग्याला का जात न्हाय?"

दाराशी अनंताला ठसका लागला. काकी समोर बघूनच म्हणाली, "कोणीतरी पाणी द्या त्यांना."

*

मुखत्यारपत्राच्या शनिवारी मुनीरभाईंची मावसबहीण नसीमाभाभी आली. नवरा, सलीमभाई, कुवेतला नोकरीला. घराचं काम काढलेलं, दर सहीसाठी तो कसा येणार? म्हणून त्याने तिच्या नावे मुखत्यारपत्र केलं. नानांनी समजावलं, "म्हणजे त्याच्या वतीने तुम्ही सही करायची. तुमचं केलेलं ते त्याने केल्यासारखं."

भाभीने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी म्हणीन ते तो म्हणाला?"

"दिलेल्या कामापुरतं."

ते "कामापुरतं" भाभीच्या कानापर्यंत पोचलं की नाही, शंकाच आहे! कारण सलीमभाई सुट्टीवर आले आणि चौथ्या की पाचव्या दिवशी थेट ऑफिसात. उंचेपुरे, बारीक आवाजात बोलणारे.

"नानासाहेब, घराला रंग हिरवा लागला. मला निळा हवा होता. मी काय बोलायच्या आत बायको बोलली, 'तुम्हीच हिरवा ठरवला. माझी सही म्हणजे तुमची सही.' सासुरवाडीला आठ दिवस राहायचं मीच ठरवलं म्हणे. मला माहीतच नव्हतं!"

"मग रद्द करायचंय का?" मी विचारलं.

सलीमभाई एकदम घाबरले. "नको नको! काम बेस्ट चाललंय घराचं. फक्त एवढंच एका कागदावर लिहून द्या, की टीव्हीचा रिमोट त्यात येत नाही."

नानांनी दिलं लिहून! गंभीर चेहऱ्याने, लेटरहेडवर. भाभीने वाचलं आणि म्हणाली, "ठीक आहे. पण बॅटरी मी आणते."

*

मुनीरभाईंचा एक किस्सा घातला नाही तर ते रुसतील.

आमच्या एका अशिलाचं शेजाऱ्याशी भांडण, फणसाच्या फांदीवरून. नोटीस हातपोच द्यायची होती. मुनीरभाई सकाळी गेले ते दुपार टळल्यावर उगवले. एका हातात नोटीस तशीच, दुसऱ्या हातात तो वादातला फणस!

मी म्हटलं, "हे काय?"

"नोटीस घ्यायला तयार होईना. पण उन्हातून आलास म्हणाला, जेवल्याशिवाय सोडेना. बांगड्याचं तिखलं, भाकरी, सोलकढी." मुनीरभाईंनी उसासा टाकला. "मॅडम, माणूस फार चांगला. केस आपण त्याची घ्यायला हवी होती."

आमचं अशील समोरच्या खुर्चीत बसलेलं होतं. त्याने हे ऐकलं, फणसाकडे बघितलं आणि म्हणालं, "सोलकढी त्याच्या बायकोची चांगलीच असते हो." आणि फणस घेऊन गेलं घरी! मग ती नोटीस आम्ही पोस्टाने पाठवली की नाही ते मला आता आठवत नाही.

*

मग आली आमच्या केसमधली स्थळपाहणी. म्हणजे महसूल खात्याचे साहेब स्वतः येऊन बघणार, वाट होती की नाही. अनंताचं लेखी म्हणणं असं की, "सदर ठिकाणी वाट कधीच नव्हती." दोन्हीकडचे वकील, पंच, सगळी वाडी जमलेली. साहेब तरुण, पायात नवे कोरे बूट.

पंचांना विचारलं, वाट होती का? आता आपल्याकडे कोणी सरळ उत्तर देईल? एक म्हणाला, "होती म्हणजे, जायची माणसं." दुसरा म्हणाला, "जायची, पण वाट म्हणून न्हाय, अशीच जायची." साहेबांनी पेन खाली ठेवलं. नानांनी कपाळाला हात लावला. काकी गडग्याच्या पलीकडे तिच्या अंगणात उभी, तोंडाला पदर.

साहेब म्हणाले, "पलीकडचं घर बघायचंय. कसं जायचं?"

काकी ओरडली, "खाली पऱ्यातून यावं लागतं, साहेब! मी रोज तशीच येते!"

साहेब पऱ्याकडे वळले. आणि अनंता, पाहुणचाराला पक्का अनंता, त्याला काही ते बघवेना! धावत पुढे आला. "छ्या छ्या साहेब, तिकडून कशाला? बूट चिखलात जातील तुमचे. या इकडून, ही काय सरळ वाट!" आणि स्वतः गडग्यावर चढून साहेबांना हात दिला. वर म्हणतो काय, "आमच्या आजापासून सगळे इकडूनच येतात-जातात!"

अनंताचा वकील तिथल्या तिथे एका दगडावर बसला. साहेबांनी गडग्यावर उभ्या उभ्या पेन काढलं आणि लिहून घेतलं.

मुनीरभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "ह्याच्याकडे मी जेवायच्या वेळी नोटीस घेऊन गेलो असतो, तर केसच झाली नसती."

साहेब उतरले आणि सांगून गेले, "हुकूम पुढच्या तारखेला. तोपर्यंत जैसे थे. दोघांनीही दगडाला हात लावायचा नाही." पुढची तारीख बघितली तर शिमग्यानंतरची!

नाना निघताना खुशीत होते. काकी मात्र गडग्यापलीकडून विचारत होती, "म्हणजे जिंकले ना मी?"

"जवळजवळ!" नाना म्हणाले.

"मग पालखी पण जवळजवळ येईल?"

त्या संध्याकाळी नानांनी तारीख अलीकडे घ्यायचा अर्ज स्वतः टाइप केला, दोन बोटांनी. काही उपयोग झाला नाही. मला इतकं वाईट वाटलं की भजीसुद्धा गोड लागेनात.

*

शिमग्याला काकीने आम्हाला आग्रहाने बोलावलं. म्हणाली, "देव आला न्हाय तरी तुम्ही तरी या." असं म्हटल्यावर कोण घरी बसेल? आम्ही तिघं दुपारीच वाडीत पोचलो, पऱ्यातून, घाटी उतरून. नानांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल. काकीने अंगण सारवून ठेवलं होतं, रांगोळी घातली होती, आरतीचं तबक तयार. पालखी येणार नाही हे माहीत असून!

ढोल वाजत आले. पालखी आली ती वाजत-नाचत अनंताच्या खळ्यात, आणि पुढच्या दांडीला खांदा अनंताचा. त्यांच्या घराण्याचा मानच तो. अनंताच्या बायकोने पूजा केली, नारळ ठेवला. आता पुढचं घर कुठलं? दरवर्षीचं तेच. खांदेकऱ्यांचे पाय सवयीने वळले आणि पालखी नाचत आली ती थेट गडग्यासमोर उभी राहिली. ह्या बाजूला देव, त्या बाजूला तबक घेऊन काकी, आणि मध्ये दगड. ढोल थांबले.

गावातल्या वडीलधाऱ्या मानकऱ्याने हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम.

"तुझ्या वाटेत ह्ये दगड कोणाचे, ता तुला ठावं, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्याने ते घातले, त्याने ते काढावे, अशी त्याला बुद्धी दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यात मोठ्याने, सवयीने, "व्हय" म्हणाला तो अनंताच!

म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. कान लालबुंद.

तो गडग्यापलीकडे बघून बोलला. रिक्षावाला मध्ये नव्हता, काय करणार! "वयनी, वरचे दगड काढ गो."

दहा महिन्यांनी दीर बोलला, तर काकी काय म्हणाली असेल? "मी न्हाय! साहेबांनी सांगितलंय जैसे थे. दगडाला हात लावायचा न्हाय. विचारा नानांना!"

"नाना, सांगा हिला!"

"ऐका नीट," नाना चाचरत म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर आहे."

"अगो, वाट तुझीच आहे! झालं? दिली वाट!"

"तोंडी? दोन साक्षीदार लागतात."

"सगळा गाव साक्षीदार आहे!"

"गाव चालत न्हाय!" काकी तबक घेऊन ताठ उभी. "गावाला आत्ता माझ्याकडून प्रसाद मिळणार आहे. ज्याला काय मिळणार, त्याला साक्षीदार करू नये. पहिल्या शनिवारी सांगितलंय!"

"शाब्बास!" नानांच्या तोंडून निसटलं. मी मुनीरभाईंचा दंड धरला, नाहीतर हसून मी खालीच बसले असते.

"मग काढायचे कोणी?"

"ज्याने घातले त्याने काढले, तर आमची हरकत नाही," नाना म्हणाले, अगदी कोर्टात सांगावं तसं.

"मी कसा काढू? खांद्यावर देव आहे!" अनंताने आजूबाजूला बघितलं. "अरे, खांदा द्या रे कोणीतरी!"

एरवी पालखीला खांदा द्यायला मारामारी. त्या दिवशी सगळी वाडी आंब्याचा मोहोर बघायला लागली. कोणी सदऱ्याचं बटण लावतोय, कोणी ढोलाची दोरी आवळतोय. अनंता एकेकाला नावाने हाका मारतोय, आणि कोणी हूं की चूं नाही!

"नाना!" शेवटी अनंताचा आवाज रडवेला झाला. "तुम्ही तरी द्या हो!"

नाना, कमरेला पट्टा, पांढरा शर्ट, समोरच्या पार्टीचे वकील! बाह्या सरसावल्या, गडगा ओलांडून गेले आणि दांडीखाली खांदा लावला.

अनंता सुटला. आधी वरचे दगड काढले, मग मधले, मग पायाचे. वरचे काढून पालखी गेली असती हो! पण तो थांबेना. कोणाकडे बघत नव्हता, नुसते दगड फेकत होता. गडग्याची जागा पार सपाट झाली तेव्हा बाजूला झाला, आणि ढोल असे कडाडले! पालखी उसळली आणि तिच्याबरोबर नानाही! "ऐका नीट! माझी कंबर! ऐका..." कोण ऐकतंय? काकीच्या अंगणात पालखी नाचली, गरागरा फिरली, आणि पुढच्या दांडीला आमचे नाना डोळे मिटून नाचताहेत, शर्टभर गुलाल!

काकीने आरती ओवाळली. मी तबकाला खालून हात लावला. ती रडत होती आणि मी हसत होते. मग मी रडायला लागले आणि ती हसायला लागली.

मग प्रसाद. काकीने आतून पत्र्याचा डबा आणला. गेल्या मे महिन्यातली, तिची स्वतःची फणसाची साठं. एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत ती शेवटी अनंतापाशी आली. तो मोडलेल्या गडग्याशी उभा होता, हात मातीने भरलेले. तिने तुकडा थेट त्याच्या तोंडात दिला.

अनंता सावकाश चावत राहिला.

"आंबट आहे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.